चढाईपटू ‘उतरला’ हे ठरवायचे कधी?

कबड्डीच्या मैदानाभोवती बसलेले प्रेक्षक निकाल फार लवकर देतात. हट्टा, वसमत, औंढा नागनाथ या पट्ट्यात यात्रा असो की जयंती, मैदान आखले जाते आणि रात्री उशिरापर्यंत सामने चालतात. गावाचा लाडका चढाईपटू दोन-तीन चढायांत रिकाम्या हाताने परतला आणि त्यानंतर मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पकडला गेला, की मागून आवाज येतोच : ‘आता याचं काही खरं नाही. उतरला.’ बोलणाऱ्याला त्या मुलाचे वय विचारले तर तो सांगतो, असेल चोवीस-पंचवीस.

हा निकाल नुसत्या गप्पांपुरता राहत नाही. गावाच्या संघात जागा मिळणे, जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवले जाणे, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीची आशा धरणे, घरच्यांनी ‘अजून एक वर्ष खेळ’ म्हणणे किंवा ‘पुरे झाले, शेतात ये’ म्हणणे, हे सारे त्यावर ठरते. म्हणूनच खेळाडूची उतरण खरोखर कधी सुरू होते आणि ती ओळखायची कशी, हा वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही गंभीर प्रश्न आहे. उत्तर वाटते तितके सोपे नाही. कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या संघमालकांनाही ते जमत नाही.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे प्रदीप नरवाल. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक गुण या हरियाणाच्या खेळाडूने मिळवले. पकडायला आलेल्या बचावपटूंच्या साखळीखालून सूर मारून निसटणारी त्याची ‘डुबकी’ आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ झाली. २०२५ च्या लिलावात मात्र त्याच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही आणि लगेचच त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याचे वय होते २८.

त्याचे आकडे हंगामानुसार मांडले तर गंमत दिसते. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने २६ सामन्यांत ३६९ गुण घेतले, म्हणजे सामन्यामागे चौदाहून अधिक. पुढच्या हंगामात २३३. लगेच कुजबुज सुरू झाली. सातव्या हंगामात, २०१९ मध्ये, पुन्हा ३०२. त्यानंतर करोनामुळे २०२० मध्ये लीग झालीच नाही. ऑगस्ट २०२१ च्या लिलावात यूपी योद्धा संघाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख रुपये मोजले. त्या वेळपर्यंत कुणाही कबड्डीपटूला इतकी किंमत मिळाली नव्हती. आणि नेमक्या त्याच हंगामात त्याचे गुण २४ सामन्यांत १८८ वर आले, म्हणजे सामन्यामागे आठाच्याही आत. नवव्या हंगामात ते २२० वर गेले, दहाव्यात १२२, अकराव्यात १११.

आता यात उतरण सुरू झाली कुठे? आज मागे वळून पाहणारा बोट ठेवील आठव्या हंगामावर. त्या वेळी प्रदीप होता २४ वर्षांचा. सर्वोच्च कामगिरी झाली तेव्हा विशीचा. या वयात स्नायू झिजत नाहीत, हाडे ठिसूळ होत नाहीत, डोळ्यांनी पाहून पाय हलवायला लागणारा वेळही मोजण्याइतका वाढत नाही. म्हणजे वय हे उत्तर नव्हे. मग काय बदलले? संघ बदलला, सोबतचे चढाईपटू बदलले, मध्ये दोन वर्षांचा खंड पडला आणि डुबकीचे शेकडो व्हिडिओ पाहून बसलेले बचावपटू आता गुडघ्याच्या उंचीवर त्याची वाट पाहू लागले. यातले कशाचे किती, हे बाहेरून सांगता येणार नाही. पण हे सारे ‘वय झाले’ या दोन शब्दांत कोंबणे चूक आहे, एवढे नक्की.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ३६९ गुणांच्या हंगामानंतर कुणाचेही गुण घसरणारच होते. असा हंगाम घडायला कौशल्य लागते, तशी थोडी नशिबाची साथही लागते, आणि ती दर वर्षी मिळत नाही. दवाखान्यात हे रोज दिसते. एखाद्याचा रक्तदाब एकदा मोजला आणि फार जास्त आला, तर शहाणा डॉक्टर लगेच आयुष्यभराच्या गोळ्या लिहून देत नाही. धावत-पळत आला असेल, घाबरला असेल. बसवून, थोड्या वेळाने, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजतो, तेव्हा आकडा बहुधा खाली आलेला असतो. कधी औषध न देताच. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. उत्तम हंगामानंतरची घसरण आणि वाईट हंगामानंतरची उसळी, दोन्हींमध्ये याचा वाटा असतो. तीन सामन्यांवरून ‘उतरला’ म्हणणारा आणि एका चांगल्या सामन्यावरून ‘परतला’ म्हणणारा, दोघेही एकाच मापाने चुकतात.

हाच प्रश्न अमेरिकेत फार मोठ्या पैशांसाठी विचारला जातो. तिथल्या फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाची एक जागा असते. चेंडू छातीशी धरून समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या भिंतीत घुसायचे, फट शोधून निसटायचे आणि प्रत्येक वेळी कुणी तरी अंगावर येऊन आपटणार हे धरून चालायचे. आपल्या चढाईपटूचा तो दूरचा भाऊच. तिथे वर्षानुवर्षे असे मानले जाते की हा खेळाडू सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे घसरतो, म्हणून त्या वयानंतर मोठा करार द्यायला संघ कचरतात. ठोकताळा अगदीच खोटा नाही. टॉड गर्ली २०१७ मध्ये तिथला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि गुडघ्याच्या दुखण्याने २६ व्या वर्षी शेवटचा सामना खेळून बसला. पण डेरिक हेन्रीने २०२४ च्या हंगामात वयाच्या तिशीत १,९२१ यार्ड धाव घेतली. त्याच हंगामात २७ वर्षांच्या सॅक्वॉन बार्कलीने दोन हजारांचा टप्पा ओलांडला, आणि २०२० मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला होता.

इथे आकडेवारीचा एक सापळा आहे. तिशीनंतरही खेळत असलेल्यांची सरासरी काढली तर ती बरी दिसते, कारण ज्यांना जमले नाही ते आधीच घरी गेलेले असतात. उरलेले मुळातच दणकट. गावच्या मैदानावरही ३३ वर्षांचा एखादा गडी पोरांना लोळवताना दिसतो आणि लोक म्हणतात, ‘बघा, मनात आणलं तर या वयातही जमतं.’ त्याच्याबरोबर सुरुवात केलेले दहाजण प्रेक्षकांत बसलेले असतात, काही गुडघा चोळत. त्यांना कुणी मोजत नाही.

शरीरात खरोखर काय घडते, ते पाहू. चढाई ३० सेकंदांची. त्यात निर्णायक हालचाल अवघ्या दोन-तीन सेकंदांची : पायाचा झटका, वळण, मध्यरेषेकडे झेप. या झटक्याला स्नायूंतील वेगवान तंतू लागतात आणि त्यांना तयार साठ्यातली ऊर्जा लागते. हा साठा काही सेकंदांत संपतो आणि पुरता भरून यायला काही मिनिटे जातात. या स्फोटक ताकदीचा कळस साधारण पंचविशीच्या आसपास येतो. शंभर मीटर धावणाऱ्यांची उत्तम वेळही बहुधा त्याच वयातली असते. नुसती ताकद मात्र तिशीपर्यंत आणि पुढेही टिकते. दमसास योग्य सरावाने बराच काळ राखता येतो. अंदाज बांधण्याची कला, म्हणजे कोपरारक्षकाचा खांदा हलताच तो घोटा धरणार की कंबर हे ओळखणे, ती तर वयाबरोबर वाढते.

म्हणून प्रत्येक चढाईपटूचे घड्याळ सारखे चालत नाही. उडी आणि ताकदीवर जगणारा लवकर उतरतो. पायाचे बोट, हाताचा स्पर्श, बोनस आणि संयम यांवर गुण मिळवणारा उशिरा. अनुपकुमार २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. दुसऱ्या हंगामात त्याने यू मुंबाला विजेतेपद मिळवून दिले, २०१६ चा विश्वचषक भारताने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकला आणि ३५ व्या वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, तो थांबला. त्याच विश्वचषकात सर्वाधिक गुण मिळवणारा अजय ठाकूरही तिशीतला. म्हणजे एकजण चोविशीत घसरणीला लागतो आणि दुसरा तिशीत कळस गाठतो, आणि खेळ एकच.

वयापेक्षा जास्त सांगतो तो दुखापतीचा इतिहास. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला आणि त्या एकाच हंगामात त्याने २१८ गुण घेतले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले आणि त्याने जवळपास तेवढेच गुण परत करून दाखवले. आठव्या हंगामात मात्र दुखापतीमुळे तो जेमतेम तीन सामने खेळू शकला. पवन सेहरावतची गोष्ट उलट दिशेची. ऑक्टोबर २०२२ मध्ये, नवव्या हंगामाच्या आपल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि अख्खा हंगाम बुडाला. वर्षभराने त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि पुढच्या लीगमध्ये त्याने दोनशेवर गुण मिळवले. मणिंदरसिंग तर पहिल्या हंगामानंतर दुखापतीमुळे मधले हंगाम दिसलाच नाही. २०१७ मध्ये परतला आणि त्याची उत्तम वर्षे त्यानंतरची आहेत. ज्यांनी २०१५ मध्ये त्याला संपवले होते, त्यांना आता ते आठवतही नसेल.

फरक कशाने पडला? एक वाटा नशिबाचा. पण मोठा वाटा वेळेवर निदान, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या महिनोन्महिन्यांच्या व्यायामाचा. आणि हट्ट्यासारख्या गावांतली मुले कमी पडतात ती नेमकी इथे.

गुडघा वळताना आतून ‘टक्’ असा आवाज होतो, पाय टेकवत नाही, तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. हे वर्णन ऐकले की अस्थिबंध फाटल्याची शंका घ्यायलाच हवी. प्रत्यक्षात गावात त्याला नाव मिळते ‘लचक’. तेल चोळले जाते, पट्टी बांधली जाते, पंधरा दिवसांत सूज उतरते आणि मुलगा पुन्हा मैदानात. सरळ धावता येते, म्हणून सर्वांना वाटते बरा झाला. वळताना मात्र गुडघा निसटतो. प्रत्येक निसटण्यात आतली गादी थोडी फाटते. वर्षभरात तोच मुलगा ‘पहिल्यासारखा राहिला नाही’. प्रेक्षकांना उतरण दिसते. खरे तर ती दुखापत असते, निदान न झालेली. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागापर्यंत वेळेत पोचले, तर हाताने तपासूनच पुष्कळ कळते. एमआरआय त्यानंतरची गोष्ट.

शस्त्रक्रिया झाली तरी काम अर्धेच होते. नॉर्वेतील रुग्णांवरचा २०१६ चा एक अभ्यास सांगतो की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेले. घाईने परतणाऱ्या तरुणांना याची किंमत मोजावी लागते. पंचविशीच्या आतल्या ज्या खेळाडूंनी पुन्हा स्पर्धात्मक खेळ सुरू केला, त्यांच्यापैकी सुमारे चारांत एकाचा अस्थिबंध पुन्हा फाटल्याचे (त्याच किंवा दुसऱ्या पायाचा) एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. नऊ महिने म्हणजे सोयाबीन पेरण्यापासून हळद काढेपर्यंतचा काळ. एवढे दिवस तरणा मुलगा रोज तासभर मांडीचे व्यायाम करत घरी बसलेला पाहणे घरच्यांना जड जाते, हे खरेच आहे. फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या गावाला, एसटीचे भाडे वेगळे. यावर सोपा उपाय नाही. पण पहिल्या चार-सहा आठवड्यांत व्यायाम नीट शिकून घेतले आणि मग महिन्यातून एकदा दाखवले, तर बरेचसे घरी होऊ शकते.

याच्या अगदी उलट टोकाला सामन्यापूर्वीचे इंजेक्शन आहे. डायक्लोफिनॅकची सुई टोचून मैदानात उतरण्याची पद्धत सर्रास आहे. दुखणे दबते, इजा दबत नाही. घामाने शरीरातले पाणी आटलेले असताना हे औषध मूत्रपिंडालाही त्रास देते. सांध्यात किंवा स्नायूबंधाजवळ वारंवार स्टेरॉइड टोचून घेणे तर ते ऊतक कमकुवतच करते. बक्षिसाच्या रकमेसाठी असे टोचून खेळवणारे आयोजक किंवा कप्तान मुलाचे भले करत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वयाची उतरण हळू असते, हंगामामागून हंगाम, बोटभर-बोटभर. दोन महिन्यांत कुणी म्हातारा होत नाही. खेळाडू अचानक मंदावला तर वय नव्हे, आजार शोधायचा असतो. नुकताच डेंग्यू, टायफॉइड किंवा कावीळ होऊन गेली असेल तर दम परत यायला आठवडे लागतात. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकी तपासायला हवी, क्षयरोग आपल्या भागातून गेलेला नाही. फार तहान, वारंवार लघवी, खाऊनही वजन उतरणे हे तरुणपणातल्या मधुमेहाचे लक्षण असू शकते. रक्तक्षय मुलींमध्ये सर्रास आढळतो आणि कबड्डी खेळणाऱ्या मुली आता कमी नाहीत. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय त्यांना ‘दम नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. आणि धावताना छातीत दुखले किंवा भोवळ येऊन पडला, तर हृदयाची तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय त्याला मैदानात पाठवूच नये.

एक कारण खास आपल्या वजनी गटांच्या स्पर्धांचे. ५५ किंवा ६५ किलोंच्या गटात बसण्यासाठी मुले दोन दिवस जेवत नाहीत, पाणी तोडतात, उन्हात जाड कपडे घालून पळतात. वजन काट्यावर बसते, पण शरीरातले दोन टक्के पाणी गेले तरी खेळ मंदावतो. मग वजन करून दोन तासांनी खेळणारा मुलगा तिसऱ्या चढाईत गळतो आणि लोक म्हणतात, उतरला.

राहिला प्रश्न वयाचाच. ‘अठ्ठावीसनंतर घसरण’ असा ठोकताळा मांडायचा तर निदान वय खरे हवे. मराठवाड्यातल्या किती तरी लोकांचा शाळेच्या दाखल्यावरचा जन्म १ जूनचा आहे. पूर्वी गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीने टाकलेली ती तारीख. वर दोन-एक वर्षांचा फरक तर गृहीतच. बैलबाजारात जनावराचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे वय नक्की केले जाते, दाखला कुणी विचारत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र पंचविशीनंतर ना दात कामाचे, ना हाडांचा एक्स-रे. त्यामुळे कागदावरच्या वयापेक्षा शरीराची चाचणी बरी.

ती कशी करायची? खेळाडूची तुलना दुसऱ्याशी नव्हे, त्याच्या स्वतःच्या जुन्या मोजमापांशी करावी. दहा मीटर धावण्याचा वेळ दर दोन महिन्यांनी वहीत लिहून ठेवावा. पहिल्या पावलांचा झटका तिथेच दिसतो. गुण कोणत्या प्रकारे मिळतात तेही लिहावे. एकूण गुण तेवढेच, पण स्पर्शाचे कमी आणि बोनसचे जास्त होत चालले असतील तर पाय मंदावले आहेत आणि डोके भरून काढत आहे. हे वाईट नव्हे. अनेकांची कारकीर्द याच बदलाने लांबली आहे. पकड कुठे होते हेही पाहावे. आधी मध्यरेषा गाठणारा आता वारंवार एक पाऊल आधी धरला जात असेल, आणि असे वीसेक सामन्यांत सातत्याने दिसत असेल, तर त्याला अर्थ आहे. तीन सामन्यांत दिसले तर नाही. सामन्यानंतर अंग किती दिवस दुखते, हेही विचारावे. पूर्वी एका रात्रीत उतरणारा थकवा आता तीन दिवस राहत असेल तर चढायांची संख्या कमी करायची वेळ आली आहे. ज्या संघात एकच मुलगा प्रत्येक निर्णायक चढाईला पाठवला जातो, तो संघच त्याला लवकर झिजवतो.

दुखापतीतून परतणाऱ्यासाठी एक चाचणी सोपी आहे. मैदान आखायला आणलेला चुना आणि मोजपट्टी, एवढेच सामान लागते. चांगल्या पायावर उभे राहून एकाच पायाने पुढे उडी मारायची, त्याच पायावर स्थिर उतरायचे, अंतर मोजायचे. तीनदा करून सर्वांत लांब उडी धरायची. मग तसेच दुखऱ्या पायाने. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या आत असेल, किंवा उतरताना गुडघा आत वळत असेल, तर तो मुलगा अजून चढाईला तयार नाही, मग शस्त्रक्रियेला कितीही महिने झालेले असोत. नव्वदच्या वर असले तरी नऊ महिने पूर्ण व्हायचे असतील तर थांबायचेच. चांगल्या पायाने दीड मीटर जाणाऱ्याला दुखऱ्या पायाने निदान एक मीटर पस्तीस सेंटिमीटर जाता आले पाहिजे.